पाय तयार, मन तयार नाही (अठरापैकी अकरावा आठवडा)

दमलेला पांथस्थ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूभूद्याघ्या.

पहिली फुल मॅरेथॉन (४२.२ किमी) सात आठवड्यांवर आली आहे. अठरा आठवड्यांचं वेळापत्रक घेतलं होतं, त्यातले अकरा झाले. पहिले आठ आठवडे इतके मजेत गेले की मी घरच्यांना वात आणला. मग काय बिनसलं कळत नाही. गजर वाजतो, बंद करतो. संध्याकाळी बूट घालून सोफ्यावर बसतो आणि वीस मिनिटांनी बूट काढून ठेवतो. प्रेरणादायी व्हिडिओ पाहून झाले. अंगावर काटा येतो, पण मी काट्यासकट सोफ्यावरच असतो.

काल २६ किमीचा लाँग रन होता. एकोणिसाव्याला थांबलो. दुखत काही नव्हतं. डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, "हे कशासाठी चाललंय?" उत्तर सुचेना, म्हणून थांबलो. उरलेले सात किलोमीटर चालत घरी. बाटली रिकामी, आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटू नये एवढीच इच्छा.

वय ३८, तीन वर्षं धावतोय. चार महिन्यांपूर्वी हाफ (अर्धी मॅरेथॉन) २ तास ५ मिनिटांत केली. फुल ४ तासांच्या आत करायची आहे.

तुम्ही मन कसं टिकवता? सुविचार नकोत. खरोखर काय करता ते सांगा.

गोगलगाय

सोफ्यावर वीस मिनिटं! मी एकदा बूट घालून झोपून गेले होते, तेव्हा तुमचं बरं चाललंय. सविस्तर रात्री लिहिते.

पहाटवारा

माझा अनुभव असा की 'मन लागलं की जाईन' म्हटलं की काही खरं नाही. मन बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या किलोमीटरला येऊन मिळतं, दारात ते नसतंच. त्यामुळे मी स्वतःशी करार फक्त दहा मिनिटांचा करतो. दहा मिनिटं धावायचं, मग वाटलं तर परत फिरायचं, आणि परतलो तर स्वतःला काही बोलायचं नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. परतण्याची मुभा खरी नसेल तर मनाला ती लबाडी लगेच कळते. वर्षभरात मी पाच-सहा वेळा खरंच परतलोय.

दुसरं म्हणजे ठरवण्याचं काम आदल्या रात्री उरकायचं. 'उद्या धावायचं' असं नाही, तर 'साडेपाचला तोंड धुतलं की बूट, गेटमधून उजवीकडे'. सकाळी विचाराला जागाच ठेवायची नाही.

सवयीबद्दल २१ दिवसांचं जे सांगतात ते सोडून द्या. लंडनमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता (फिलिपा लॅली आणि सहकारी). वागणं अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त धीर देते. एखादा दिवस चुकल्याने घडी विस्कटली नाही. आपण एक दिवस चुकला की आठवडाच सोडून देतो, तिथे गाडी अडकते.

खडूस म्हातारा

मन, मन, मन. आमच्या वेळी घड्याळं नव्हती, व्हिडिओ नव्हते, आणि मनही नव्हतं. वेळापत्रकात २६ लिहिलंय ना? मग २६ धावायचे. एकोणिसाव्याला थांबलात तर पुढच्या वेळी सतराव्यालाच थांबावंसं वाटेल. थांबण्याचीही सवयच लागते.

१९८३ साली सिडनी ते मेलबर्न ८७५ किमीच्या शर्यतीत क्लिफ यंग नावाचा ६१ वर्षांचा शेतकरी उतरला. बाकीचे तरणेताठे झोपत होते तेव्हा हा आपला पाय ओढत चालूच राहिला. ५ दिवस १५ तासांत पहिला आला. त्याला कुणी विचारलं नाही की मन लागतंय का.

तळटीप

म्हातारबुवा, क्लिफ यंग पाय ओढत धावत होते, म्हणजे हळू. आपल्या सोयीचा अर्धाच दाखला घेऊ नका. :)

पांथस्थ, सल्ल्याआधी चार प्रश्न. १) आठवड्यातल्या धावा सकाळी की कामानंतर? २) काम कसलं? ३) झोप किती? ४) ते १९ किमी कोणत्या पेसने झाले, म्हणजे एका किमीला किती मिनिटं-सेकंद?

विचारतोय कारण तुम्ही शीर्षकातच निदान करून टाकलंय, आणि मला ते पटलेलं नाही.

दमलेला पांथस्थ

सगळ्यांचे आभार. १) आधी सकाळी, गेल्या महिन्यापासून संध्याकाळी. सकाळी उठवतच नाही. २) हिशेबाचं काम, सध्या वर्षअखेरीची गडबड. दिवसभर आकडे. ३) साडेपाच तास, कधी सहा. ४) ५.४० च्या आसपास. चार तासांसाठी प्रत्येक किमी ५.४१ लागतो ना, म्हणून सगळ्याच धावा त्या पेसने करतो, अंगवळणी पडावा म्हणून.

तळटीप

मिळालं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या वाटणीची मी सांगतो, पेसचं निवांत सांगतीलच, त्यांना तो विषय दिसला की राहवत नाही.

२००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा यांच्या गटाने एक प्रयोग केला. १६ जणांना ९० मिनिटं संगणकावर डोकं लावायचं कंटाळवाणं काम दिलं आणि मग थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. दुसऱ्या वेळी त्याच माणसांना तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले आणि पुन्हा सायकल. माहितीपटांनंतर सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोक्याच्या कामानंतर ६४०. आता गंमत बघा. हृदय, श्वास, स्नायू यांच्या मोजमापांत हा फरक समजावणारं काही सापडलं नाही. बदललं होतं ते एवढंच की तेच कष्ट त्यांना सुरुवातीपासून जास्त वाटत होते.

म्हणजे दिवसभर आकडे घासून संध्याकाळी धावायला निघालेला माणूस आळशी नसतो. त्याच चढाची किंमत त्याला जास्त मोजावी लागते. त्यात साडेपाच तासांची झोप. तुम्ही याला प्रेरणेची कमतरता म्हणताय, मी थकवा म्हणेन.

वर्षअखेर संपेपर्यंत अवघड धाव सुट्टीच्या सकाळी ठेवा आणि कामानंतरच्या धावा इतक्या सोप्या करा की त्यांची धास्ती वाटणार नाही. धास्ती हा शब्द मुद्दाम वापरलाय. सोफ्यावरच्या वीस मिनिटांत कंटाळा होता की धास्ती, स्वतःला विचारून बघा.

निवांत

राहवत नाहीच.

पांथस्थ, तुमच्या २.०५ च्या हाफवरून फुलचा अंदाज काढू. पीटर रीगल यांचं जुनं सूत्र आहे: अंतर दुप्पट झालं की वेळेला २ चा १.०६ वा घात, म्हणजे साधारण २.०८५ ने गुणायचं. १२५ मिनिटं गुणिले २.०८५ म्हणजे सुमारे २६१ मिनिटं. ४ तास २१ मिनिटं. तेसुद्धा तयारी नीट झाली तर. पहिल्या फुलला बहुतेकांना हे सूत्रही उदारच वाटतं.

म्हणजे तुमचा आजचा शर्यतीचा पेस ६.११ च्या आसपास आहे आणि तुम्ही सरावाचा लाँग रन ५.४० ने करताय. सरावात शर्यतीपेक्षा अर्धा मिनिट वेगाने! तुमचा हाफचा पेस ५.५५ होता. हाफच्या शर्यतीत जेवढं धावलात त्याहून वेगात तुम्ही १९ किमी धावलात, तेही दमलेल्या आठवड्यात, एकट्याने, टाळ्या नाहीत, पाणी द्यायला कुणी नाही. आणि वर म्हणताय मन कमकुवत आहे. अहो, मन चांगलंच घट्ट आहे, म्हणून तर एवढं सहन केलंत.

लाँग रन ७ मिनिटांच्या आसपास करा. शेजारी कुणी असेल तर त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तुटक बोलावं लागलं की वेग जास्त झाला. अव्वल धावपटूंच्या सरावाची नोंद ठेवणारे स्टीफन सायलर यांनी दाखवलंय की त्यांच्या सरावातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास सत्रं अशी सोपी असतात. आपल्यासारखे हौशी उलटं करतात. सोप्या दिवशी जास्त पळतात, मग अवघड दिवशी पळवत नाही, आणि सगळेच दिवस अधलेमधले होतात. अकराव्या-बाराव्या आठवड्यात हे बिल येतं. दरवर्षी बघतोय.

आणखी एक, हे गंभीरपणे घ्या. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा सलग काही दिवस जास्त असेल, झोप तुटत असेल, भूक गेली असेल, चिडचिड होत असेल, तर ती अतिसरावाची खूण असू शकते. लोह कमी पडलं तरी असंच होतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह खाली गेलेलं असू शकतं, डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा. पुरेसं न खाता अंतर वाढवत नेलं की शरीर स्वतःच 'नको' म्हणायला लागतं आणि आपण त्याला मनाचा दोष देतो. आणि धावण्याबरोबर बाकीच्या आवडीच्या गोष्टींतूनही मन उडालं असेल तर या धाग्यावर थांबू नका, जाणकाराशी बोला.

दमलेला पांथस्थ

निवांत, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो. ४.२१ हा आकडा बघवेना.

बाकीच्या गोष्टींत मन आहे. धावणं सोडून सगळं करावंसं वाटतं, अगदी कपाट आवरावंसंसुद्धा.

पहाटवारा

४ तासांच्या आकड्याचं वेड तुम्हा एकट्याला नाही. काही अर्थशास्त्रज्ञांनी मॅरेथॉनच्या ९० लाखांहून जास्त निकालांच्या वेळा एकत्र मांडल्या होत्या. ३ तास, ४ तास अशा गोल आकड्यांच्या अलीकडे माणसांचे ढीग लागलेले आणि पलीकडे खळगा. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये लोक गोल आकड्यासाठी जीव टाकतात. म्हणजे गोल आकडा कामाचा आहे, पण हाताशी असेल तर. २१ मिनिटं लांबचा आकडा रोज डोळ्यांसमोर धरला तर प्रत्येक धाव नापास.

मी तीन आकडे ठेवतो. सगळं जुळून आलं तर एक, नेहमीसारखा दिवस असला तर दुसरा, आणि तिसरा म्हणजे रेषा ओलांडणं. पहिल्या फुलला मी तिसऱ्यावर आलो होतो आणि आठवडाभर जिने उलटे उतरत होतो.

गोगलगाय

रात्री म्हटलं होतं, उजाडली परवा. असो.

निवांत आणि तळटीप यांचं सगळं मान्य. पण पेस सुधारला, झोप झाली, तरी लाँग रनमध्ये एक वेळ अशी येतेच की तो प्रश्न येतो, कशासाठी. अकरा फुल झाल्या माझ्या, सगळ्या साडेपाच तासांच्या पुढे (आयडी उगाच नाही घेतला), आणि तो प्रश्न अकराही वेळा आलाय. साधारण ३० ते ३५ च्या मध्ये. तेव्हा साठ्यातली साखर संपत आलेली असते, म्हणून तो प्रश्न जेवढा तत्त्वज्ञानाचा वाटतो तेवढा नसतो. आता तो आला की मी आधी काहीतरी गोड तोंडात टाकते आणि पंधरा मिनिटं उत्तर देत नाही. बहुतेक वेळा तोवर प्रश्नच निघून जातो. तुमच्या एकोणिसाव्या किलोमीटरपर्यंत पोटात काय गेलं होतं, ते नाही लिहिलंत.

उरलेला वेळ काय करते? मोजते. मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफ शर्यतीत आकडे मोजायची, शंभरपर्यंत तीनदा मोजलं की जवळपास एक मैल. २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंद धावलेली बाई जर मोजत असेल तर मला कसली लाज. माझ्या मैलाला शंभर बऱ्याच वेळा लागतात, तो भाग वेगळा. मोजण्याचा फायदा असा की मन शंभराच्या पुढे जात नाही. उरलेले बारा किलोमीटर त्याला दिसतच नाहीत.

चढावर कधीही ठरवू नका की थांबायचं. सपाटीवर आल्यावर ठरवा. हा माझा एकुलता एक नियम.

आणि एक वाक्य हवं, आपलंच. माझं आहे "आहे त्यात चाल". कुणाला सांगितलं तर हसतात, पण बत्तिसाव्याला ते मला आजीच्या आवाजात ऐकू येतं.

तळटीप

गोगलगाय, तुमच्या वाक्याला पुरावा आहे बरं. २०१४ मध्ये २४ जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी बोलण्याची वाक्यं निवडून वापरायला शिकवलं. ते सायकलवर आधीपेक्षा १८ टक्के जास्त वेळ टिकले, बाकीच्यांत फरक पडला नाही. अट एवढीच की वाक्य स्वतःचं हवं आणि सरावात घोटलेलं हवं. शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालत नाही तसं नवं वाक्यही काढायचं नाही.

कानात गाणी

धागा आत्ता वाचला. एवढी चर्चा आणि गाण्यांचं नाव नाही? मी गाण्यांशिवाय एक किलोमीटर जाऊ शकत नाही. रटाळ लाँग रनसाठी एक श्राव्य कादंबरी राखून ठेवते, ती फक्त धावतानाच ऐकायची. पुढे काय झालं कळण्यासाठी धावायला गेलेय कित्येकदा.

निवांत

कादंबरीची युक्ती छान आहे. फक्त एक कान रहदारीला मोकळा ठेवा.

पण सगळे लाँग रन तसे करू नका. १९७७ मध्ये मॉर्गन आणि पोलॉक यांनी मॅरेथॉन धावपटूंना विचारलं की धावताना डोक्यात काय चालतं. साधे धावक मन दुसरीकडे नेत होते, कुणी मनातल्या मनात घर बांधत होतं. अव्वल धावक मात्र श्वास, पाय, खांद्यातला ताण यांच्याकडे लक्ष ठेवून होते. माझ्या मते दोन्ही यायला हवं. सोप्या दिवशी खुशाल घर बांधा. अवघड दिवशी कान शरीराकडे, नाहीतर दुखापत बोलत असते आणि आपण कादंबरी ऐकत असतो.

खडूस म्हातारा

निवांत यांच्या शेवटच्या वाक्यावर लिहायला आलो.

पांथस्थ, वर 'थांबण्याची सवय लागते' म्हणालो होतो. ते मागे घेत नाही, पण अर्धं सांगितलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या नडगीत एका जागी दुखत होतं. बोटाने दाखवता येईल अशी जागा. वेळापत्रकात ३० लिहिले होते, म्हणून ३० धावलो. हाडाला तडा गेला होता. चार महिने घरात. त्या चार महिन्यांत कळलं की मला मन आहे.

पसरलेलं दुखणं चालतं, एका बिंदूत दुखलं की थांबायचं. आणि तुमच्या वेगाचं गणित आधी माहीत असतं तर तसं बोललो नसतो. बाकी काही म्हणणं नाही.

गोगलगाय

काका, एवढं मऊ बोललात, तब्येत बरी आहे ना? (हलके घ्या.)

कानात गाणी

अवांतर: हसत धावलं तर त्याच वेगाला ऑक्सिजन किंचित कमी लागतो, असं २०१८ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. मॅरेथॉनपटू किपचोगे शर्यतीत दात दाखवताना दिसतो ते मुद्दाम असतं म्हणे.

खडूस म्हातारा

मी हसत धावलो तर कुत्री मागे लागतात.

दमलेला पांथस्थ

धागा वर काढतोय. अडीच आठवडे झाले, हिशेब देणं लागतो.

पहिला आठवडा वेळापत्रक बाजूला ठेवून तीनच धावा केल्या, तिन्ही सोप्या. रात्री साडेदहाला फोन दुसऱ्या खोलीत. नाडी सकाळी ६४ होती, आता ५७-५८ असते. रक्ताचा अहवाल ठीक आहे. गोगलगाय, विचारलंत म्हणून सांगतो, त्या दिवशी पोटात फक्त पाणी गेलं होतं. सहनशक्ती वाढते असं कुठेतरी वाचलं होतं.

दुसऱ्या रविवारी २४ किमी, ७.१० च्या पेसने. पहिले पाच किलोमीटर अपमान वाटत होता. कुणीही मागून येऊन पुढे जात होतं. घड्याळावर पट्टी चिकटवली होती, तरी तीनदा उचकटून पाहिलं. बाराव्यानंतर विसरलो. विसाव्याला लक्षात आलं की गेली पंधरा मिनिटं मी कामातलं काहीच घोळवत नव्हतो, झाडांची पानं बघत होतो. घरी पोचलो आणि संध्याकाळी चक्क जिना चढलो.

काल २८ होते. हे जास्त प्रामाणिकपणे लिहितो. पंचविसाव्याला तो प्रश्न आला. गोड खाल्लं, पंधरा मिनिटं उत्तर दिलं नाही. प्रश्न गेला नाही. तिथेच होता, शेजारी. पण मी धावत होतो आणि तोही धावत होता. शेवटचा किलोमीटर चाललो, २७ झाले. वाईट वाटलं, पण वेगळ्या प्रकारचं. मंगळवारी परत जावंसं वाटतंय.

तळटीप, ती धास्तीच होती. संध्याकाळचे ते ५.४० मला दुपारी तीनपासून दिसायला लागायचे.

आकडे आता तीन आहेत: ४.२०, ४.३५ आणि रेषा.

निवांत

२८ ऐवजी २७ ला कुणी विचारत नाही. आता एक ३० चा करा, मग शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत न्या. त्या काळात नको तिथे दुखल्याचे भास होतील, घसा खवखवेल, आपण काहीच धावलो नाही असं वाटेल. सगळ्यांना वाटतं. तेव्हा लपूनछपून जास्तीचा लाँग रन करू नका.

पहाटवारा

आणि शर्यतीनंतरच्या आठवड्यात मन एकदम रिकामं वाटेल, त्याची आत्ताच नोंद करून ठेवा. मी पदक घेऊन तीन दिवस कुणाशी बोललो नव्हतो.

दमलेला पांथस्थ

नोंद केली. धाग्याचं शीर्षक बदलायचं होतं, 'मन तयार, पाय दमलेले' असं. पण संपादनाची मुदत संपलीय. असू दे तसंच. उद्या साडेपाचला तोंड धुतलं की बूट, गेटमधून उजवीकडे.

खडूस म्हातारा

हळू.